अवघड होल आणि छळणारा होल : फरक नेमका कुठे पडतो?

माळरान

नमस्कार मंडळी. इथे गोल्फ खेळणारे थोडेच असतील, पण जे आहेत त्यांची मला मनापासून मदत हवी आहे.

गेली अकरा वर्षं मी आमच्या गावाबाहेरच्या नऊ होलच्या कोर्सवर खेळतो (होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून भोकापर्यंतचा एक टप्पा). हँडिकॅप १९, म्हणजे अठरा होलना ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण एकोणीस जास्त लागतात. यंदा मला ग्रीन कमिटीवर, म्हणजे कोर्सची देखभाल बघणाऱ्या समितीवर घेतलंय. पावसाळ्याआधी एका होलचं काम निघेल एवढे पैसे आहेत आणि सगळ्यांचं बोट सहाव्याकडे आहे.

सहावा असा : पार ४ (म्हणजे चार फटक्यांत संपवायचा), पांढऱ्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, ३५५ यार्ड. ड्राइव्ह (पहिला लांब फटका) बरा बसला तर ग्रीनपर्यंत, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतापर्यंत, १५० उरतात. ग्रीनच्या पुढ्यात या कडेपासून त्या कडेपर्यंत तळं. डावीकडे तारेचं कुंपण, पलीकडे ओबी, म्हणजे कोर्सच्या हद्दीबाहेरची जागा. उजवीकडे मुरमाड चढ आणि बाभळी. त्यात ग्रीनचा उतार तळ्याकडे. म्हणजे पाणी ओलांडून ग्रीनवर टेकलेला बॉलसुद्धा घरंगळत परत पाण्यात.

गेल्या रविवारी आमच्यातल्या ७१ वर्षांच्या काकांनी तिसरा शॉट फार सुरेख मारला. बॉल झेंड्याच्या अलीकडे चार पावलांवर पडला, थांबला. आम्ही टाळ्या वाजवायला हात उचलले आणि बॉल हळूहळू मागे यायला लागला. काका काही बोलले नाहीत. दुसरा बॉल काढला नाही. बॅग उचलून सरळ सातव्या टीकडे चालू लागले.

अवघड होलबद्दल माझी तक्रार नाही. आमचा चौथा याहून अवघड आहे, पण तिथे सात फटके लागले तरी पुन्हा खेळावासा वाटतो. सहाव्यावर पाच लागले तरी 'सुटलो एकदाचे' असं होतं. असं का? तुमच्या कोर्सवर तुम्हाला छळणारी रचना कुठली, तेही सांगा.

पाचवाबंकर

ग्रीनच्या मागे बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. पुढून दिसत नाही, आणि चांगला, पूर्ण मारलेला शॉट नेमका त्यातच जातो. कमी मारणारा मात्र पुढे गवतावर सुरक्षित.

सातारकर_जर्सीत

माळरान, तुमच्या काकांचं वाचून पोटात कालवलं.

मी वर्षातून एकदा लाँग आयलंडवरच्या बेथपेजच्या ब्लॅक कोर्सवर जातो. सरकारी कोर्स आहे, पैसे भरून कुणीही खेळावं. पहिल्या टीपाशीच पाटी लावलीय की हा कोर्स अतिशय अवघड आहे, निष्णात खेळाडूंनीच इथे खेळावं. माझे फटके तिथे १०५ च्या खाली कधी आले नाहीत, तरी परतताना मन भरलेलं असतं. पुढे काय वाढून ठेवलंय ते त्यांनी दारातच सांगितलेलं असतं, आणि प्रत्येक होलवर मला माझ्या कुवतीची एक वाट सापडते.

पाण्याचं उदाहरण द्यायचं तर फ्लॉरिडात सॉग्रासचा १७ वा, बेटावरचं ग्रीन. कोर्सचा आराखडा करणारे पीट डाय यांनी तिथे बेट आखलेलंच नव्हतं. त्या जागेची वाळू चांगली निघाली म्हणून ती कोर्सभर वापरायला उपसत गेले, मोठा खड्डा पडला, आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस डाय यांनी सुचवलं की ग्रीनभोवती सगळं पाणीच ठेवा. २००७ च्या स्पर्धेत पहिल्याच दिवशी तिथे ५० बॉल बुडाले, तेही व्यावसायिक खेळाडूंचे. पण तो होल जेमतेम १३७ यार्डांचा आहे, बॉल टीवर ठेवून मारायचा असतो आणि सगळे एकाच जागेवरून मारतात. तुमच्या सहाव्यावर तोच शॉट १५० वरून, उंचसखल फेअरवेवरून (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यावरून), पायाखाली जे येईल त्यावरून मारायचा. माझ्या मते तुमचा होल सॉग्रासपेक्षा कठोर आहे.

अबोली

अ‍ॅलिस डाय यांचं नाव निघालंच आहे तर त्यांचं दुसरं, माझ्या दृष्टीने मोठं काम सांगते. बायकांसाठी टी खऱ्या अर्थाने पुढे असाव्यात, आणि एक नव्हे तर दोन असाव्यात, यासाठी त्या वर्षानुवर्षं भांडल्या. स्वतः उत्तम खेळाडू होत्या. अमेरिकेतल्या गोल्फ आर्किटेक्टांच्या संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष, १९९७ साली.

माझा ड्राइव्ह १३० यार्ड जातो. आमच्याकडे (क्लबचं नाव घेत नाही) लाल टी म्हणजे पुरुषांच्या टीपुढे दहा-बारा पावलांवर रंगवलेले दोन दगड. तीसुद्धा उरलेल्या जागेत, एका बाजूला कललेली. पुरुषाला जो होल दोन शॉटचा, तो मला साडेतीनचा. ओढा आला की मी तो कधीच ओलांडू शकत नाही, मग सात नंबर आयर्नने (मध्यम अंतराच्या काठीने) काठापर्यंत ढकलायचं आणि तिथून पुढे. नऊपैकी पाच होलवर हेच. दमणं वेगळं, पण सगळ्यात जास्त टोचतं ते हे की मला विचार करायला काही उरतच नाही. धोका घेऊ की नको, हा प्रश्न आराखडा करणाऱ्याने माझ्यासाठी ठेवलेलाच नाही.

माळरान, तुमच्या सहाव्यावर लाल टी कुठे आहे?

माळरान

अबोलीताई, पांढऱ्या टीपुढे बारा पावलांवर आहे. काल संध्याकाळी जाऊन मोजली. अकरा वर्षांत मी तिथे एकदाही उभा राहिलो नव्हतो. उभा राहिलो तेव्हा कळलं की तिथून एक बाभूळ थेट आडवी येते.

देवळालीकर

सर्वांचं बोलणं मान्य करूनही मी थोडा विरोधात बोलणार आहे. मी फौजेत असताना देशभरातल्या छावण्यांमधल्या कोर्सेसवर खेळलो. ज्यांना आम्ही 'ब्राउन' म्हणत असू, त्यावर खेळलो : तेल घातलेल्या वाळूचं ग्रीन, पुट (ग्रीनवरचा हलका फटका) करून झालं की मागे पायांच्या खुणा पुसायला झाडणी फिरवायची. फेअरवेवर गुरं, पावसात चिखल. कुणी कुरकुरत नसे. दिल्ली गोल्फ क्लबवर फेअरवे सोडला की बॉल काटेरी झाडीत जातो आणि तो बहुधा गेलाच. मोठमोठे खेळाडू तिथे ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारी काठी, बॅगेतच ठेवतात. ते जाचक नाही? आहे. पण तो कोर्स तुम्हाला सरळ मारायला शिकवतो. अवघड म्हणजे अन्याय नव्हे.

आता सहाव्यासाठी एक कामाचा प्रश्न. तळ्याची हद्द दाखवणाऱ्या खुंट्या पिवळ्या आहेत की लाल?

माळरान

पिवळ्या, सर. पहिल्यापासून.

देवळालीकर

मग पैसा खर्च न करता अर्धं दुखणं आजच जाईल. पिवळी खुंटी असेल तर बॉल शेवटी जिथून पाण्याच्या हद्दीत शिरला तो बिंदू आणि होल यांच्या सरळ रेषेत मागे जावं लागतं, म्हणजे तुम्ही पुन्हा तळ्याच्या अलीकडे. काकांचा बॉल ग्रीनवरून घरंगळून पाण्यात शिरला, म्हणजे तो शेवटी ग्रीनच्या काठावरून शिरला. खुंट्या लाल असत्या तर एक पेनल्टी (जादा फटका) घेऊन त्याच काठावर, दोन काठ्यांच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता त्यांना बॉल ड्रॉप करता, म्हणजे हातातून सोडता आला असता. उतारावरून दोनदा घरंगळला तर हाताने ठेवता येतो. पाणी ओलांडून दाखवलेल्या माणसाला पुन्हा पाणी ओलांडायला लावायचं नाही, एवढंच. २०१९ च्या नियमांपासून खुंट्या कुठल्या रंगाच्या ठेवायच्या याची कमिटीला बरीच मोकळीक आहे. ज्याचा बॉल मुळात पाण्यापर्यंतच पोचला त्याला मात्र लाल खुंटीचाही तसा लाभ नाही, त्याला अलीकडूनच मारायचंय.

माळरान

सर, हे मला माहीत नव्हतं. आजच सेक्रेटरींना फोन करतो.

फोर्थकाठी

मी एडिनबरोजवळ राहतो, त्यामुळे तुमच्या पाण्याऐवजी माझ्या भागातल्या आंधळ्या शॉटबद्दल लिहितो. जगभरचे लोक ज्याला वाईट रचना म्हणतात ती इथे देवासारखी जपतात.

प्रेस्टविक, जिथे १८६० साली पहिली ओपन (ब्रिटनची मोठी गोल्फ स्पर्धा) झाली, तिथल्या पाचव्या होलचं नाव आहे 'हिमालयाज'. पार ३, दोनशे यार्डांच्या घरात, आणि मध्ये वाळूची उंच टेकडी. ग्रीन दिसतच नाही. टेकडीवर रंगीत चकत्या लावल्यात, त्यावरून दिशा धरायची. त्याच कोर्सवर 'आल्प्स' नावाचाही एक होल आहे, तिथे दुसरा शॉट आंधळा, आणि ग्रीन सोडताना घंटा वाजवायची म्हणजे मागच्यांना कळतं. आयर्लंडमध्ये लहिंचला 'डेल' नावाचा पार ३ आहे, दोन टेकड्यांच्या घळीत लपलेला. झेंडा जिथे असेल त्या रेषेत टेकडीवर एक पांढरा दगड ठेवतात. मी तिथे खेळलोय. बॉल दगडावरून गेला, आम्ही चौघं अक्षरशः पळत वर चढलो. माझा बॉल होलपासून दीड हातावर होता. ते पळणं मी आयुष्यभर विसरणार नाही. समोर ग्रीन दिसत असतं तर ते झालं नसतं.

अबोली

फोर्थकाठी, वर्णन इतकं छान आहे की जावंसं वाटतं. पण तुम्ही पाहुणे म्हणून गेलात. दर शनिवारी तोच आंधळा शॉट मारणाऱ्याला पळत वर चढावंसं वाटेल?

फोर्थकाठी

अबोली, मी हेच तिथल्या एका म्हाताऱ्या सभासदांना विचारलं होतं. ते म्हणाले की आंधळा शॉट फक्त पहिल्यांदा आंधळा असतो, नंतर तो आठवणीचा शॉट होतो. मला ते पटलं. पण तुमचाही मुद्दा बरोबर आहे : दगड आहे, चकती आहे, घंटा आहे, म्हणजे तिथल्या लोकांनी आंधळेपणावर इलाज करून ठेवलाय. नुसती टेकडी ठेवून दिलेली नाही.

सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर ११२ बंकर आहेत आणि त्यातले कितीतरी टीवरून दिसत नाहीत. १७ व्याचा रोड बंकर तर कुप्रसिद्ध. १९७८ च्या ओपनमध्ये जपानचे नाकाजिमा दोन शॉटमध्ये ग्रीनवर होते. पुट मारला तो उतारावरून त्या बंकरात गेला, बाहेर यायला चार फटके लागले, होलवर एकूण नऊ. १९९५ साली १४ व्यावरच्या हेल बंकराने अमेरिकेच्या निकलॉस यांना दहा घ्यायला लावले. पण त्या दोन्ही होलवर बंकर टाळून जाण्याइतका रुंद मोकळा रस्ता आहे, लांबचा आहे एवढंच. तुमच्या सहाव्यावर तो रस्ता नाही, हे मला सगळ्यात खटकतं.

देवळालीकर

आंधळ्या शॉटला आपल्याकडचा इलाज म्हणजे आगेवाला. टेकाडावर उभा राहून हात करायचा, बॉल कुठे पडला ते खूण लावून ठेवायचा. चांगला आगेवाला म्हणजे निम्मा गोल्फ.

चेंडूवेचा

आगेवाल्याचा विषय निघाला म्हणून पहिल्यांदाच इथे लिहितोय. मी लहानपणी, पाचवी ते दहावी, आमच्या वस्तीशेजारच्या कोर्सवर बॉल शोधायचो, नंतर कॉलेज होईपर्यंत कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारा होतो. आता बँकेत आहे.

तळ्यात उतरायचो ते सकाळी सात वाजता, खेळ सुरू व्हायच्या आत. डोळ्यांनी काही दिसत नाही, पाणी गढूळ. पायांनी शोधायचं. दगड पायाला टोचतो, बॉल टोचत नाही, तो तळव्याखाली फिरतो. फिरला की अंगठा आणि शेजारच्या बोटात धरून गुडघा वाकवायचा आणि हातात घ्यायचा. गाळात बसलेला बॉल महिनाभराचा असेल तर वर हिरवा बुळबुळीत थर, तो राखेने घासला की जातो. एका तळ्यावर आमच्या तीन घरांच्या शाळेच्या वह्या निघत.

म्हणून सांगतो, बॉल कुठे जातात हे आराखडा काढणाऱ्यापेक्षा गाळात पाय घातलेल्या पोराला जास्त कळतं. आमच्या तळ्यात नव्वद टक्के नाही म्हणणार, पण बहुतेक बॉल अलीकडच्या काठापासून तीन-चार हातांत सापडायचे. म्हणजे लोक थोडक्यात कमी पडायचे, फार चुकायचे नाहीत. पलीकडच्या काठाला, ग्रीनच्या बाजूला, बॉल कमी पण नवे कोरे आणि महागडे. ते चांगल्या खेळाडूंचे, ग्रीनवरून परत आलेले. माळरानसाहेब, तुमच्या तळ्यात कुणी उतरत असेल तर त्याला विचारा. तुम्हाला आयताच नकाशा मिळेल.

आणि कॅडीच्या बाजूने एक तक्रार. ग्रीन संपल्यावर पुढची टी चारशे पावलांवर, तीही मागे चढावर, ही रचना खेळाडूला छळते पण कॅडीला मारते. खांद्यावर बॅग असते.

सातारकर_जर्सीत

चेंडूवेचा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लिहीत राहा.

कुतूहल

मी गोल्फ खेळत नाही, पण धागा सोडवत नाहीये. आमच्या आजीला एकदा टीव्हीवर मॅच दाखवली तर म्हणाली, 'एवढं मोठं रान घेतलंय आणि भोक तेवढं एकच? दोन-चार पाडा की.' खरंच, ते भोक केवढं असतं?

आणि एक गंभीर प्रश्न. मी ज्या भागातली आहे तिथे एप्रिलमध्ये टँकर येतो. एवढ्या गवताला पाणी कुठून देता?

गवत्या

कुतूहल, आजींना सांगा, सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. १८९१ पासून तेवढंच आहे.

पाण्याचा प्रश्न अगदी योग्य आहे. मी कोर्सवरच्या गवताचं काम करतो आणि आमच्या धंद्यात तो प्रश्न रोज विचारला गेला पाहिजे. शहरांजवळचे बरेच कोर्स आता प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतात. बाकीच्यांकडे पावसाचं पाणी साठवायला तळीच लागतात, आणि इथेच माळरान यांच्या सहाव्याचं मूळ असावं. ते तळं खेळासाठी खोदलेलं नाही, सगळ्यात सखल जागी पाणी धरायला खोदलंय. नंतर होल त्याच्या अंगावर बसवला. म्हणून 'बुजवून टाका' हा सल्ला कुणी देऊ नका, उन्हाळ्यात कोर्स जळून जाईल.

आता ग्रीनबद्दल. माळरान, तुमच्या ग्रीनचा आकार जुना आहे ना? पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा? तेव्हा आपल्याकडे ग्रीनचं गवत पाच-सहा मिलिमीटरवर कापत. आज टीव्हीवर बघून सगळ्यांना साडेतीन हवं असतं. गवत खाली गेलं, उतार तोच राहिला. बॉल थांबायला घर्षण लागतं, ते आपण कापून टाकलं. उतार शंभराला आठ असेल तर स्टिम्प (ग्रीनच्या वेगाचं माप) सातच्या ग्रीनवर बॉल थांबतो, साडेदहाच्या ग्रीनवर थांबतच नाही. होलच्या रचनेला शिव्या बसतात, दोष पुष्कळदा कापणीचा असतो.

हे मोठ्यांकडूनही होतं. २००४ च्या यूएस ओपनमध्ये शिनेकॉकच्या सातव्या ग्रीनवर शेवटच्या दिवशी बॉल थांबेना, म्हणून दोन जोड्यांच्या मध्ये ग्रीनवर पाणी मारावं लागलं. २०१८ साली त्याच कोर्सवर अमेरिकेच्या मिकलसन यांनी १३ व्या ग्रीनवर घरंगळत चाललेला बॉल पळत जाऊन परत मारला, दोन फटक्यांची पेनल्टी घेतली, होलवर दहा लागले.

माळरान, दोन गोष्टी मोजून सांगा : कापणीची उंची आणि उतार.

माळरान

गवत्या, उतार मोजेन, पण तो 'स्टिम्प' घरच्या घरी कसा काढायचा?

गवत्या

सोपं आहे. १९३५ साली ओकमाँटला यूएस ओपन बघताना एडवर्ड स्टिम्पसन या गृहस्थांना शंका आली की ग्रीन वाजवीपेक्षा जलद आहे. सिद्ध करायला त्यांनी एक पन्हळ बनवली. फॅब्रिकेशनवाल्याकडून तीन फुटी अ‍ॅल्युमिनियमची 'व्ही' आकाराची पट्टी घ्या. खालच्या टोकापासून ३० इंचांवर बॉल अडेल एवढी खाच पाडा. खालचं टोक ग्रीनवर टेकवून दुसरं सावकाश उचला. साधारण २० अंशांवर बॉल खाचेतून आपोआप सुटतो. किती फूट गेला ते मोजा. सपाट जागी तीन बॉल इकडून, तीन तिकडून, आणि सरासरी.

उताराला गवंड्याकडची पाण्याची नळी चालेल.

आपल्याकडे हरळी (बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच) असल्याने गवताचा कलही बघा. ग्रीन चकचकीत, फिकट दिसत असेल तर गवत तुमच्यापासून पलीकडे झुकलंय, बॉल जास्त पळणार. काळपट दिसलं तर गवत तुमच्याकडे, बॉल अडणार. होलच्या कडेलाही दिसतं : ज्या बाजूची कड तुटकी, कोरडी, त्या दिशेला कल.

नोएडावासी

गुरुग्रामच्या गॅरी प्लेअर कोर्सचा उल्लेख अजून कसा आला नाही? २०१७ पासून इंडियन ओपन तिथे होऊ लागली. खाणीसारखे कडे, उंच भिंतींचे बंकर, डोंगरासारखी ग्रीन. २०१९ ला स्टीफन गॅलाकर यांनी शेवटच्या दिवशी सातव्यावर पार ४ ला आठ घेतले आणि तरी स्पर्धा जिंकली. मी एकदा पाहुणा म्हणून खेळलो. बघायला अप्रतिम, पण बंकरात उतरायला पायऱ्या लागतात तिथे माझ्यासारख्याने नुसतं बॉल उचलून पुढे जायचं. २०१९ चा नियम आहेच, बंकरातून दोन पेनल्टी घेऊन बाहेर मागे ड्रॉप करता येतं, गुडघे दुखणाऱ्यांनी तो जरूर वापरावा.

पाचवाबंकर

आमच्या बंकरांत वाळू कमी आणि खडे जास्त. पावसाळ्यात भिंतीची लाल माती वाळूत उतरते, ऑक्टोबरात वर पापुद्रा धरतो. वेज (वाळूतून बॉल काढायची काठी) आपटला की मनगटात कळ.

गवत्या

पाचवाबंकर, गोल कणांची वाळू टाकली असेल तर बॉल रुततो, अर्ध्या उकडलेल्या अंड्यासारखा बसतो. कोनदार कणांची धुतलेली वाळू घ्यायला सांगा. आणि बंकराच्या वरच्या कडेला पाणी वळवायला चर हवा, तो नसेल तर दर वर्षी माती येणारच.

सातारकर_जर्सीत

थोडं अवांतर, झाडांबद्दल, कारण माळरान यांच्या लाल टीपुढची बाभूळ डोक्यातून जात नाही. अमेरिकेतल्या ऑगस्टा कोर्सच्या १७ व्यावर एक पाइन होता. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर तिथले सभासद, त्यांचा बॉल त्यावर सतत आदळायचा. १९५६ च्या सभेत त्यांनी झाड तोडा म्हणून सुचवलं, क्लबच्या अध्यक्षांनी तो विषयच घेतला नाही. झाड पुढे २०१४ च्या हिमवादळात गेलं.

त्याच ऑगस्टाचा आराखडा नामवंत खेळाडू बॉबी जोन्स यांच्यासोबत करणारे अ‍ॅलिस्टर मॅकेंझी पेशाने डॉक्टर. त्यांनी १९२० साली कोर्स कसा असावा याची तेरा तत्त्वं मांडली. त्यात हेही आहे की हरवलेला बॉल शोधत बसण्याचा ताप अजिबात नसावा, आणि नवशिक्यालाही, भले त्याचे फटके खूप होवोत, खेळाचा आनंद मिळावा.

पाइनहर्स्टच्या नंबर दोन कोर्सवर डोनाल्ड रॉस यांनी आखलेली ग्रीन कासवाच्या पाठीसारखी आहेत, बॉल सगळीकडून घसरतो. पण भोवती पाणी नाही, आखूड गवत आहे. २०१४ साली मार्टिन कायमर ग्रीनबाहेरून सरळ पुटर घेऊन मारत राहिले आणि आठ फटक्यांनी यूएस ओपन जिंकले. ज्याला उंच शॉट जमत नाही त्याला जमिनीवरून जाता येतं. तुमच्या सहाव्याला नेमकं हे हवंय, जमिनीवरून जाणारी एक वाट.

माळरान

मंडळी, शनिवारी सकाळी मोजलं. बरोबर आमचे मुख्य माळी, एक कॅडी आणि तेच काका होते. (काकांना धागा वाचून दाखवला. नाकाजिमांचं ऐकून म्हणाले, 'बिचारा.')

कापणी ३.६ मिलिमीटर. स्टिम्प दहा फूट चार इंच. उतार : ग्रीनच्या पुढच्या तिसऱ्या भागात नळीने तीन मीटरला २५ सेंटिमीटर, म्हणजे शंभराला आठाच्या वर. मागचा भाग मात्र शंभराला दोन-अडीच. झेंडा गेले कित्येक महिने पुढच्या उताराच्या टोकावर लावला जात होता, कारण तिथून क्लबहाउसमधून दिसतो.

चेंडूवेचा, तुमचं ऐकून तळ्यात उतरणाऱ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला डावीकडे गुडघाभर पाणी, उजवीकडे मोटरीपाशी दोन पुरुष खोल. आणि बॉल तुम्ही म्हणालात तसेच, अलीकडच्या काठाला.

गवत्या

मग उत्तर तुमच्या पाण्यातच आहे. डावीकडचा उथळ भाग बुजवा आणि उजवीकडून तेवढंच खोल करा, साठा तसाच राहील. मे मध्ये पाणी उतरलं की उजवीकडचा गाळ काढा. नुसता गाळ टाकू नका, वाळला की भेगा पडून खचतो. खाली मुरूम दाबून घ्या, वर फूटभर गाळ. ग्रीनच्या डाव्या अंगाला वीसेक यार्ड रुंदीची गवताची पट्टी मिळेल. कुंपणाकडे थोडा उंचवटा ठेवा म्हणजे बॉल ओबीत जाणार नाही, आत येईल.

कापणी पाच मिलिमीटरवर न्या, झेंडा मागे न्या. हे उद्यापासून, फुकट.

देवळालीकर

डावीकडून जाणाऱ्याला ग्रीनवरचा पुट लांब आणि आडव्या उताराचा पडेल ना? पडू द्या. वळसा घेणाऱ्याला तेवढी किंमत हवीच. समोरून पाणी ओलांडणाऱ्याला बर्डीची, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी घ्यायची संधी.

अबोली

आणि लाल टी?

माळरान

अबोलीताई, लाल टी शंभर पावलं पुढे जातेय, बाभळीच्या पलीकडे सपाट जागा आहे. दोन महिला सभासदांना सोबत घेऊन जागा ठरवली. आणखी एक टी मधल्या अंतरावर, ती कुणीही वापरावी, रंग हिरवा. तिथून पहिला बॉल काकांनी मारला.

खुंट्या लाल झाल्या. कापणी पाचवर आणून आज बारा दिवस झाले. काल काका सहाव्यावर होते, तिसरा शॉट पुन्हा ग्रीनच्या मध्यावर. बॉल मागे यायला लागला, दोन-तीन हात आला, आणि थांबला. पुट मात्र हुकला. सहा लागले. आठव्यावर पोचेपर्यंत त्या पुटबद्दल बोलत होते.

गवत्या, पोकलेनवाला एकोणीस मेला येतोय. पट्टीवर हरळीचे गड्डे लावायचे की धुमारे कापून पसरायचे? पाऊस वेळेवर आला तर हातात जेमतेम तीन आठवडे आहेत.

गवत्या

धुमारे. आदल्या रात्री ओल्या पोत्यात ठेवा, चार बोटांवर सरी ओढा, टोकं वर ठेवून दाबा आणि वरून रोलर फिरवा. कुंपणाकडच्या उंचवट्यावर मात्र गड्डेच लावा, पहिल्या वळवाच्या सरीत धुमारे वाहून जातील. वीस तारखेला फोटो टाका.